सर्व्हर पूर्ण रॅम दाखवत नाही : झाकण उघडण्याआधी काय बघायचं

सर्व्हरमध्ये १२८ जीबी रॅम लावली आहे आणि चालू केल्यावर ९६ दिसते. किंवा काल संध्याकाळपर्यंत ६४ होती, रात्री लाईट गेली आणि सकाळी ४८ झाली. नाशिकमधल्या अंबड-सातपूरचे कारखाने, सिन्नरकडची मुसळगावची वसाहत, पिंपळगाव-दिंडोरीची द्राक्षांची पॅकहाऊस, शहरातल्या पतसंस्था आणि दवाखाने, अशा सगळीकडे सर्व्हरची कामं करताना ही तक्रार वर्षभर कानावर येते. हिवाळ्यात जरा जास्तच. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की सॉफ्टवेअर जड चालतंय म्हणून पॅकहाऊसवाले रॅम वाढवून घेतात, आणि वाढवलेली रॅम पूर्ण दिसत नाही.

यावर आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे : झाकण उघडा, रॅम काढा, पुसा, परत लावा. बहुतेक वेळा रॅम परत दिसतेही. मग काही आठवड्यांनी फोन येतो, "दादा, परत गेली."

ती परत जाते याचं कारण पहिल्या दिवशीच घडलेलं असतं. सगळ्या स्टिक उपसून पुन्हा बसवल्या, की कुठल्या स्लॉटमधली कुठली स्टिक गेली होती ही माहिती कायमची पुसली जाते. स्टिकची अदलाबदल होते, दाबून बसवल्यामुळे संपर्क तात्पुरता जुळतो आणि सर्व्हर खूश दिसतो. दोष जिथे होता तिथेच राहतो, फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट आपण बुजवलेली असते. म्हणून माझा आग्रह असा की आधी लिहून घ्या, मग विचार करा आणि हात सगळ्यात शेवटी लावा. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी खुर्चीत बसून तपासता येतात, सर्व्हर बंदही करावा लागत नाही.

आधी वजाबाकी करा

लावलेली रॅम किती आणि दिसणारी किती, हे दोन आकडे कागदावर घ्या आणि वजाबाकी करा. "कमी दिसते" एवढ्या माहितीवर कुणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये. किती कमी, या आकड्यातच बरंच निदान दडलेलं असतं.

फरक थोडासा असेल, म्हणजे ६४ जीबीच्या मशिनवर लिनक्स ६२ आणि वर थोडं दाखवत असेल, तर बिघाड नाही. लिनक्सचा कर्नल सगळ्या रॅमचे ४ केबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवायला ६४ बाइट खर्च करतो. ४,०९६ मागे ६४, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. ६४ जीबीच्या मशिनवर पूर्ण १ जीबी या नोंदींतच जातो. शिवाय फर्मवेअरने स्वतःसाठी ठेवलेली जागा, आणि क्रॅश झाल्यास मेमरीची प्रत काढता यावी म्हणून राखून ठेवलेली जागा असेल तर तीही वजा होते. ‘फ्री’ कमांडच्या एकूण या रकान्यात येतो तो आकडा हे सगळं वगळून उरलेला असतो. याच कारणासाठी मालकाने नवी रॅम परत पाठवायला लावल्याचं मी पाहिलं आहे. ती रॅम ठणठणीत होती.

बरोबर एका स्टिकएवढी रॅम कमी असेल, तर संशय एका स्टिकवर किंवा एका स्लॉटवर. हे सगळ्यात सोपं प्रकरण आणि त्याची तपासणी पुढे येईलच.

दोन स्टिकएवढी कमी असेल, तर कुठल्या दोन, हे महत्त्वाचं. रॅमचा कंट्रोलर आता बोर्डावर नसतो, तो प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्यातून ठरावीक चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे मार्ग, निघतात. झिऑन ई५ च्या २६०० मालिकेत व्ही३ आणि व्ही४ ला प्रोसेसरमागे चार चॅनेल आहेत, झिऑन स्केलेबलच्या पहिल्या दोन पिढ्यांत सहा, दोन सॉकेटच्या तिसऱ्या पिढीत आठ. एका चॅनेलवर दोन किंवा तीन स्लॉट असू शकतात. आता दोन चांगल्या स्टिक एकाच दिवशी मरणं फार दुर्मीळ. गेलेल्या दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवरच्या निघाल्या, तर स्टिकचा नाद सोडा. त्या चॅनेलच्या तारा प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिनांतून जातात आणि दोष बहुधा तिथे असतो. हा भाग आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. स्टिक बदलून बदलून पैसे जातात आणि प्रोसेसर उचलून बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

बरोबर अर्धी रॅम गायब असेल, तर दोन गोष्टी बघा. एक, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, मेमरी मिररिंग चालू आहे का. मिररिंगमध्ये तोच डेटा दोन ठिकाणी लिहिला जातो, म्हणून १२८ लावली तरी ६४ च वापरायला मिळते. बायोस रीसेट झाला, किंवा जुना सर्व्हर घेतला आणि आधीच्या मालकाने ते चालू ठेवलेलं होतं, की हा प्रकार हमखास होतो. स्पेअरिंगमध्येही, म्हणजे बिघाडासाठी काही रॅम राखीव ठेवण्यातही, असंच, फक्त किती रॅम बाजूला जाईल हे स्टिकच्या रँकवर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपांच्या गटांवर, ठरतं. प्रत्येक चॅनेलवर दोन रँकची एकच स्टिक असेल तर त्यातली एक रँक राखीव जाते, म्हणजे पुन्हा अर्धी. दुसरी गोष्ट दुसऱ्या प्रोसेसरची, तिच्याकडे खाली येतो.

आणि आकडा अगदी गोल असेल, लावलेली कितीही असो पण दिसतात बरोबर ३२ किंवा बरोबर ६४, तर सर्व्हर उघडूच नका. तो बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायसन्सचा प्रश्न असतो.

रॅम कोण लपवतंय?

वजाबाकी झाली की तीन ठिकाणचा आकडा बघायचा : सर्व्हरवर देखरेख ठेवणारा मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे डेलचा आयड्रॅक, एचपीचा आयएलओ किंवा जो असेल तो, चालू होताना बायोस दाखवतो तो आकडा, आणि ऑपरेटिंग सिस्टिममधला आकडा. तिन्ही एकाखाली एक लिहा. रॅम कुठल्या पायरीवर गळते ते त्यातून कळतं.

बायोस पूर्ण १२८ दाखवतो आणि विंडोज ३२ दाखवते, तर हार्डवेअरला बोल लावायचं कारणच नाही. विंडोज सर्व्हर २००८ आर२ ची स्टँडर्ड आवृत्ती ३२ जीबीच्या पुढे बघतच नाही. त्याच पिढीची फाउंडेशन आवृत्ती ८ जीबीवर थांबते, २०१२ ची फाउंडेशन ३२ वर. लहान ऑफिसांत आवडीने घेतली जाणारी इसेन्शियल्स २०१९ पर्यंतच्या पिढ्यांत ६४ जीबीवर थांबते. २०१२ च्या स्टँडर्डपासून ही मर्यादा ४ टीबीवर गेली, त्यामुळे तिथे आपल्यापैकी कुणाची अडचण होणार नाही. २००८ आर२ चा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच बंद केला, तरी जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही म्हणून ती धरून बसलेली ठिकाणं अजून भेटतात. अशा मशिनला ३२ च्या पुढची रॅम विकणं हे ग्राहकाच्या पैशांचं नुकसान आहे, आणि विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं.

३२ बिट विंडोजच्या बहुतेक आवृत्त्यांवर ४ जीबीची भिंत असते आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स आणि इतर कार्डांच्या पत्त्यांत जातो, म्हणून हातात सव्वातीन-साडेतीन जीबी येते. ६४ बिट सिस्टिम असूनही जुन्या बोर्डावर असंच होत असेल तर बायोसमध्ये मेमरी रीमॅपची सेटिंग शोधा.

विंडोजमध्ये आणखी एक जागा बघायची राहून जाते. ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, बूटच्या पानावर प्रगत पर्यायांत जा. तिथे कमाल मेमरीच्या चौकोनात टिक असेल तर ती काढून टाका. इंटरनेटवर कुठेतरी वाचून मशिन जलद करण्यासाठी कुणीतरी ती लावलेली असते. लिनक्सवर याचाच भाऊ म्हणजे ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत राहून गेलेला ‘मेम’ हा पॅरामीटर. कधीकाळी चाचणीसाठी टाकलेला, नंतर कुणाच्या लक्षात न राहिलेला.

डेटाबेसवाल्यांची एक तक्रार या प्रश्नासारखी दिसते, पण वेगळी असते : सर्व्हरला ६४ जीबी दिसते, पण एसक्यूएल सर्व्हर ती वापरत नाही. एक्सप्रेस आवृत्ती असेल तर २०१६ पासून बफरसाठी तिची मर्यादा १,४१० एमबी आहे, त्याआधी १ जीबी होती. मशिनमध्ये कितीही रॅम ओता, फरक पडणार नाही. व्हर्च्युअल मशिनवर कमी दिसत असेल तर आधी होस्टवर त्या मशिनला किती रॅम नेमून दिली आहे ते बघा. चालू मशिनला वरून रॅम वाढवली असेल तर काही लिनक्स सिस्टिममध्ये ती हाताने ऑनलाइन करावी लागते.

आता एक बारीक पण फार उपयोगाची गोष्ट. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटीशी चिप असते. तिच्यात स्टिकचा आकार, वेग, बनवणारी कंपनी हे सगळं लिहिलेलं असतं. बोर्ड ही चिप वेगळ्या, संथ तारांवरून वाचतो. खरा डेटा ज्या शेकडो तारांवरून जातो त्यांचा या वाचनाशी संबंध नाही. म्हणून असं होऊ शकतं की लिनक्सवर ‘डीएमआयडीकोड’ चालवून मेमरीची यादी काढली तर आठही स्टिक हजर, आकार बरोबर, कंपनीचं नाव बरोबर, आणि तरीही वापरायला सातच. विंडोजमध्ये "३२ जीबी लावलेली, १५.९ वापरण्याजोगी" असं जे दिसतं त्यातही बऱ्याचदा हेच असतं. स्टिक ओळखू येते, पण प्रशिक्षणाच्या वेळी, म्हणजे सुरुवातीला बोर्ड प्रत्येक तारेची वेळ जुळवून बघतो तेव्हा, ती नापास झालेली असते. यादीत नाव आहे म्हणजे स्टिक चालते, असं समजून पुढे जाऊ नका.

दोन प्रोसेसरच्या मशिनवर ‘नुमासीटीएल’ने हार्डवेअरची माहिती मागवा. कुठल्या प्रोसेसरकडे किती रॅम आहे हे नोडनुसार येतं. नोड ० कडे ६४ आणि नोड १ कडे ४८ दिसले, की रॅम दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूची गेली हे झाकण न उघडता कळलं. यानंतर ‘आयपीएमआयटूल’ने सिस्टिमचा इव्हेंट लॉग काढा, किंवा आयड्रॅक-आयएलओमध्ये जाऊन तोच लॉग बघा. स्लॉटचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. लॉग पुसू नका, अजून नाही.

लावण्याचे नियम

बायोसमध्येच रॅम कमी दिसत असेल आणि ती नुकतीच वाढवलेली असेल, तर बिघाडापेक्षा नियम मोडल्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर त्याच्या बाजूचे सगळे स्लॉट मेलेले असतात. कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो हे वर सांगितलं, त्याचाच हा परिणाम. दोन सॉकेटचा सर्व्हर एका प्रोसेसरवर घेतला, पुढे रॅम वाढवताना रिकाम्या दिसणाऱ्या पलीकडच्या स्लॉटांत ती खोचली, की ती कधीच दिसणार नाही. स्लॉट रिकामे दिसले तरी ते प्रोसेसर येईपर्यंत उपयोगाचे नाहीत.

स्लॉट भरायचा क्रम झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चित्रात असतो. ते चित्र वाचणारा माणूस क्वचित भेटतो, आणि उत्तर तर तिथेच असतं. डेलच्या बऱ्याच सर्व्हरांत पांढऱ्या क्लिपचे स्लॉट आधी भरायचे, मग काळे. एचपीच्या प्रोलायंटच्या आठव्या-नवव्या पिढीत स्लॉटांवर अक्षरं असतात, ए पासून क्रमाने जायचं. मनाने सोयीचे स्लॉट निवडले तर काही बोर्ड तक्रार करून चालू होतात आणि काही गुपचूप त्या स्टिक सोडून देतात.

रॅमचा प्रकार तर स्टिकवरच्या लेबलवरच असतो. डीडीआर४ पिढीच्या स्टिकवर वेगाच्या आकड्यानंतर, जोडरेघेपुढे येणारं पहिलं अक्षर बघा, जुन्या डीडीआर३ वर वेगाच्या आकड्यालाच चिकटलेलं अक्षर. आर असेल तर रजिस्टर्ड, एल असेल तर लोड-रिड्यूस्ड, ई असेल तर ईसीसी (चुका सुधारता येणारी) पण बफर नसलेली, यू असेल तर साध्या डेस्कटॉपची. हे प्रकार एका सर्व्हरमध्ये मिसळत नाहीत. सर्वसाधारणपणे अशी भेसळ केली की मशिन चालूच होत नाही, त्यामुळे निदान सोपं असतं. फसवे असतात ते रँकचे हिशेब. त्याच लेबलवर २आर×४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला आधीचा आकडा रँकचा. डीडीआर३ च्या रजिस्टर्ड स्टिकमध्ये एका चॅनेलवर ८ रँकच्या वर जाता येत नाही. तीन स्लॉटच्या चॅनेलवर चार-चार रँकच्या तीन स्टिक लावल्या तर १२ होतात, आणि तिसरी बाद. प्रत्येक स्टिक वेगळी तपासली तर उत्तम चालते, एकत्र लावल्या की एक जाते. हे कोडं ज्याला रँक माहीत नाहीत त्याला कधीच सुटत नाही.

लहान ऑफिसांतल्या एका प्रोसेसरच्या टॉवर सर्व्हरमध्ये झिऑन ई३ असतो. त्याची १२०० मालिका व्ही३ पर्यंत ३२ जीबीवरच थांबते आणि तिला रजिस्टर्ड रॅम अजिबात चालत नाही. त्यात चार स्लॉट, स्लॉटमागे जास्तीत जास्त ८ जीबी. मोडीत निघालेल्या मोठ्या सर्व्हरची १६ जीबीची रजिस्टर्ड स्टिक स्वस्तात मिळते म्हणून आणायची आणि यात लावायची, तर ती चालणार नाही. विकणारा "सर्व्हरची रॅम आहे" एवढंच सांगतो, आणि ते खरंही असतं.

संपर्क, धूळ आणि पिना

नियम सगळे पाळलेत, आधी पूर्ण दिसत होती आणि आता गेली, तरच सर्व्हर उघडायची वेळ. त्याआधी बॅकअप. रॅममध्ये चुका होत असताना डेटाबेस चालू होता, तर तो डेटा कितपत धड आहे याची खात्री देता येत नाही, म्हणून जुना बॅकअप खोडून नवा घेऊ नका, दोन्ही ठेवा.

अंबडमध्ये एका प्रेस शॉपचा सर्व्हर पोटमाळ्यावर ठेवलेला होता. त्याची रॅम काढून उजेडात तिरपी धरली तर सोनेरी पट्ट्यांवर तपकिरी, बोटाला किंचित चिकट लागणारा थर दिसत होता, आणि तो पंख्याकडच्या टोकाला जाड, पलीकडे विरळ. मशिनिंगच्या कूलंटचा धूर वर चढतो, सर्व्हरचे पंखे तो आत ओढतात, त्यावर धूळ बसते. खाली प्रेसचा ठोका पडला की पोटमाळ्याची फरशी पायाला जाणवत होती. त्या थरथरीने आणि रोजच्या तापण्या-निवण्याने स्लॉटमधले संपर्कबिंदू सूक्ष्म का होईना सरकत राहतात आणि मधे हा थर शिरतो. तिथे रॅम पुसून लावली की काही दिवस चालायची. पण सर्व्हर पोटमाळ्यावर आहे तोवर ती पुन्हा जाणारच. तो खाली बंद खोलीत, भिंतीला लावलेल्या फिल्टरच्या कपाटात हलवल्यावर प्रश्न मिटला.

पुसण्याबद्दल माझं मत ठाम आहे : खोडरबर वापरू नका. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, रबर तो झिजवतं, रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात आणि घासताना स्थिर विद्युत तयार होते ती वेगळीच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड घ्या, एकाच दिशेने हलकं पुसा, पूर्ण वाळू द्या. आणि कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची नळी सर्व्हरवर कधीही मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. धूळ उडते, पण ओल आत शिरते. पावसाळ्यात तर हे फारच वाईट. हातात अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, नसेल तर निदान सर्व्हरच्या उघड्या धातूला हात लावत राहा.

स्टिक बसवताना दोन्ही टोकांच्या क्लिप स्वतःहून बंद झाल्या पाहिजेत, अंगठ्याने ढकलून नाही. डीडीआर४ च्या स्टिकची खालची कड सरळ नसते, मधे किंचित खाली उतरलेली असते. त्यामुळे एक टोक टक्क वाजून बसलं तरी दुसरं अर्धवट राहू शकतं आणि वरून बघून ते कळत नाही. कडेने, स्लॉटच्या पातळीवर डोळा नेऊन बघा. टेम्पोत घालून सर्व्हर सातपूरहून सिन्नरला हलवला असेल, तर चालू करण्याआधी एकेक स्टिक अशी बघाच.

आता सॉकेटच्या पिना. प्रोसेसर कधी काढला-घातला असेल, हीटसिंकची पेस्ट कुणी बदलली असेल, त्यानंतर एका चॅनेलची रॅम गेली असेल, तर प्रोसेसर उचला आणि सॉकेटवर टॉर्च तिरपी धरा. सगळ्या पिनांची टोकं एका रांगेत चमकली पाहिजेत. एखादी वेगळी चमकते किंवा चमकतच नाही, ती वाकलेली. भिंग आणि टोकदार चिमटा असेल आणि हात स्थिर असेल तर सरळ करता येते, पण ते काम ज्याने आधी केलं आहे त्याच्याकडेच द्या. कधी पिना ठीक असतात आणि फक्त हीटसिंकचे स्क्रू असमान आवळलेले असतात. प्रोसेसर एका बाजूला किंचित उचलला जातो आणि त्या बाजूचा चॅनेल जातो. हीटसिंकवर क्रमांक छापलेले असतात, त्या क्रमानेच, थोडं थोडं करत आवळा.

पुन्हा पुन्हा जाणारी रॅम

आता मूळ दुखणं, दुरुस्त होऊन परत येणारं. इथे एकच पद्धत कामी येते : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल लिहून.

लॉगमध्ये ज्या स्लॉटचं नाव आहे त्यातली स्टिक काढा आणि दुसऱ्या चॅनेलवरच्या, चांगल्या चालणाऱ्या स्टिकशी तिची अदलाबदल करा. फक्त त्या दोघींची. बाकीच्यांना हात नाही. स्टिकवर मार्करने छोटी खूण करा, कारण सगळ्या सारख्याच दिसतात. आता जुन्या लॉगचा फोटो हातात असल्यामुळे लॉग पुसा, म्हणजे पुढची नोंद कुठली नवी ते कळेल. सर्व्हर चालू करून वाट बघा.

दोष स्टिकबरोबर नव्या स्लॉटला गेला, तर स्टिक खराब. वॉरंटीत पाठवा, सोबत दोन्ही लॉग द्या, मग वाद होत नाही. दोष जुन्याच स्लॉटला राहिला, तर स्टिक निर्दोष, आता स्लॉट, सॉकेट किंवा प्रोसेसर. दोन प्रोसेसर असतील तर त्यांचीही अशीच अदलाबदल करून बघता येते. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर प्रोसेसरमधला कंट्रोलर गेलाय, तिथेच राहिला तर बोर्ड. आणि दोष कुठेच दिसला नाही, तर संपर्काचा होता. म्हणजे वर सांगितलेली धूळ, थरथर आणि ओल यांचा बंदोबस्त करायचा, नाहीतर तो परत येईल.

रॅम बदलूनही तोच स्लॉट बंद राहतो, असंही होतं. काही बोर्ड एकदा नापास झालेला स्लॉट लक्षात ठेवतात आणि बायोसमध्ये जाऊन मेमरी पुन्हा तपासायला सांगेपर्यंत तो उघडत नाहीत. काही वेळा मॅनेजमेंट कंट्रोलर जुनी यादी धरून बसतो. दोन्ही पॉवर केबल काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून ठेवा, मग पुन्हा जोडा. नुसता रीस्टार्ट पुरत नाही. डीडीआर५ च्या सर्व्हरवर रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा चालू होताना पडदा काही मिनिटं काळा राहतो. तेव्हा घाबरून बंद करू नका, प्रशिक्षण चालू असतं. मधेच लाईट काढली तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि मालकाला वाटतं मशिन मेलं.

बायोसचं अपडेट करून घ्या, पण अदलाबदलीच्या चाचणीच्या मधे नाही. दोन्ही एकदम केलं तर कशामुळे बरं झालं ते कळणार नाही.

दोष सापडल्यासारखा वाटला तरी लगेच मोकळे होऊ नका. रात्री काम नसताना मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवा, निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. मोठ्या रॅमवर ती सकाळपर्यंत चालते. लिनक्सवर ईडॅकचे, म्हणजे मेमरीच्या चुकांच्या नोंदीचे, आकडे अधूनमधून बघत राहा. ईसीसी रॅम असेल तर एका बिटची चूक कंट्रोलर आपली आपण सुधारतो आणि गप्प राहतो, पण सुधारलेल्या चुकांची मोजदाद ठेवली जाते. एकाच स्लॉटचा हा आकडा हळूहळू वाढत असेल, तर ती स्टिक पुढच्या रीस्टार्टला गायब होऊ शकते याची ती आगाऊ सूचना आहे. रॅम अचानक गेली असं लोक म्हणतात, पण लॉग उघडला तर बऱ्याचदा आधीचे कित्येक दिवस चुका नोंदलेल्या सापडतात. लाईट गेल्यावरच रॅम का जाते, याचंही उत्तर यातच आहे. स्टिक त्याआधीच कमकुवत झालेली असते, पण बोर्ड तिची कसून परीक्षा घेतो ती फक्त चालू होताना. महिनोन्महिने बंद न झालेला सर्व्हर ज्या रात्री यूपीएस संपून पडतो, त्या सकाळी ती परीक्षा होते.

बोर्ड बदलण्याइतके पैसे नसतील आणि स्लॉटच खराब असेल, तर तो स्लॉट रिकामा सोडून सर्व्हर चालवता येतो. फक्त मग बाकीच्या स्टिक झाकणावरच्या चित्राप्रमाणे दोन्ही प्रोसेसरमध्ये शक्य तितक्या समान वाटून लावा, खराब स्लॉटवर कागदी टेप चिकटवून तारीख घाला आणि किती रॅम दिसायला हवी तो आकडा झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वेळी जो कुणी सर्व्हर उघडेल, त्याला वजाबाकी करायला तो आकडा लागेल.